फेफरे : कथेतले आणि वर्गातले

माझी दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली त्या वर्षी जी थोडीफार पत्रे आली त्यांत एक पोस्टकार्ड होते. मोहोळकडच्या एका बाईंचे. अक्षर मोठे, ओळी वर चढत गेलेल्या, आणि जागा संपल्यामुळे शेवटचे वाक्य पत्त्याच्या बाजूला येऊन बसलेले. बाईंनी लिहिले होते : "तुमची कादंबरी वाचनालयातून आणून वाचली. आवडली. पण तो फेफऱ्याचा मुलगा तुम्ही विहिरीत का पाडलात? माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला फिट येते. मी विहिरीवर जाते तेव्हा तो माझ्याबरोबरच असतो."

मी ह्या पत्राला उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर उत्तर माझ्याजवळ नव्हतेच. त्या प्रकरणाची तारीफ झाली होती. एका परीक्षकाने त्याला कादंबरीचा कळस म्हटले होते, आणि ते कात्रण मी जपून ठेवले होते. मुलाला मी का मारले हे मला पक्के ठाऊक होते. थोरल्या बहिणीचे लग्न मोडायला हवे होते, त्यासाठी घरावर सुतक हवे होते, आणि घरात हा एक धाकटा मुलगा असा होता की ज्याचे पुढे काय करायचे ते मला सुचत नव्हते. विहीर गावात होतीच. फेफरे मी आणले.

संपादकांनी यंदा "तुम्हाला जे वाटते त्या विषयावर समीक्षात्मक काही लिहा" असे कळवले, तेव्हा हे कार्ड मला आठवले. दिवाळीच्या अंकात हा विषय नको, असे घरातून एक मत पडले. पण दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात. आजी वाचते, सून वाचते, आणि दुपारी फराळाचे डबे झाकून झाल्यावर शेजारीण मागून नेते. हा विषयही त्याच सगळ्यांचा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पुढे वैद्यकाचे जे येईल ते विचारून आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचून मिळवलेले आहे. बाकीचे मास्तरकीतले आहे.

आपल्या कथांत फेफरे येते ते पाहुणा म्हणून येत नाही, गडी म्हणून येते. लेखकाचे काहीतरी अडलेले काम करून देते आणि निघून जाते. मध्यंतरी एका कथास्पर्धेची हस्तलिखिते माझ्याकडे तपासायला आली होती. त्यांत चार कथांत फेफरे होते. एकीत लपवून ठेवलेला रोग भर मांडवात उघडा पडतो आणि वरात परत फिरते. दुसरीत गावातला एक वेडगळ गडी आहे. त्याला फिट येते ती केवळ तो वेडगळ आहे हे वाचकाला पटावे म्हणून. तिसरीत पाप्याला शिक्षा होते. चौथीत बाई पडते, उठते आणि भविष्य सांगते. चारही लेखक तरुण होते, चौघांची भाषा बरी होती, आणि चौघांपैकी एकानेही तो मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो हे लिहिले नव्हते. माझ्या कादंबरीतला मुलगा तर दुसऱ्या सकाळपर्यंत पोचलाच नव्हता, तेव्हा मी त्यांना कोणत्या तोंडाने नावे ठेवणार!

हौशी रंगभूमीवर तर हा प्रसंग ठरून गेलेला आहे. मनुष्य धाडकन पडतो, तोंडाला फेस, चौघे धावतात, दोघे हातपाय दाबून धरतात, एक जण कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी तरी चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो आणि दातांत चमचा घालतो. प्रेक्षागृह स्तब्ध होते. हे सारे नाटकात खपून जाते आणि तिथून परत घरात येते, ही त्यातली वाईट गोष्ट. डॉक्टरांचे सांगणे अगदी साधे आहे. मनुष्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावे, आसपासचे लागण्याजोगे सामान दूर करावे, दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठावा. झटके बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय कांद्याला मिळते. ह्यात नाट्य नाही हे मला मान्य आहे. रंगमंचावर घड्याळाकडे पाहत बसलेला बाप कसा दाखवावा, हे मात्र एखाद्या चांगल्या नाटककाराने करून पाहण्यासारखे आहे.

पण पडणे, फेस, धावाधाव हे फेफऱ्याचे एक रूप झाले. दुसरे एक रूप आहे, ते कोणाही लेखकाला दिसत नाही, कारण त्यात काही घडतच नाही. ते मला वर्गात भेटले, आणि सव्वा वर्ष मी ते ओळखले नाही.

चौथीचा वर्ग. शाळा सोलापूरच्या पूर्वभागातली. वडील यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळणारी. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, शाळेत मराठी. आमच्या गावात ह्यात काही विशेष नाही. निम्म्या वर्गाची अशीच तऱ्हा असते. हा मुलगा बोलता बोलता मध्येच थांबे. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडत, ओठांची चाळवाचाळव, आणि मग जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे चाले. मला वाटे, मराठी शब्द शोधतो आहे. शब्द सापडला की बोलेल. मास्तराला मुलाचे घर ठाऊक असले की त्याचा असा एक तोटा होतो. उत्तर आधीच हाताशी असते, त्यामुळे प्रश्न पडत नाही.

त्याची शुद्धलेखनाची वही मी अजून ठेवली आहे. मी सांगितले होते, "शेतकरी पहाटे उठून बैल घेऊन शेतावर गेला." त्याने लिहिले, "शेतकरी पहाटे शेतावर गेला." असे पानापानावर आहे. वाक्याचे पहिले शब्द बरोबर, शेवटचे बरोबर, ऱ्हस्वदीर्घ बहुधा बरोबर, मधले दोन-तीन शब्द नाहीत. कच्च्या मुलाची वही मला ओळखता येते. कच्चा मुलगा सगळीकडे चुकतो, पुढे पुढे जास्त चुकतो, आणि जिथे अडतो तिथे खाडाखोड करतो. ह्या वहीत खाडाखोड नव्हती. जे शब्द त्याने ऐकलेच नव्हते ते त्याला अडले नव्हते. एखाद्या कवीच्या हस्तलिखितात अशा गळलेल्या जागा दिसल्या असत्या तर मी त्यांवर टिपण केले असते. इथे मी लाल शाईने "लक्ष कुठे असते?" असे लिहिले. एकदा उभे केले. एकदा एक चपराक मारली. ती चपराक वहीत नाही, पण ती कोणत्या पानाच्या दिवशीची ते मला सांगता येते.

त्याची आई एकदा निकालाच्या दिवशी आली होती. म्हणाली, "गुरुजी, घरी पण असंच करतो. जेवताना घास हातात राहतो. मी हाक मारते, ऐकत नाही. मग खातो." मी तिला जेवताना टीव्ही बंद ठेवायला सांगितले.

पुढे आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही पथके हल्ली येत असतात. त्यातल्या डॉक्टरबाईंनी वजन-उंची घेताना मुलाला काही विचारले आणि तो उत्तर देताना मध्येच थांबला. त्यांनी पेन खाली ठेवले. दोन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला सांगितला, आणि तो श्वास घेता घेता पुन्हा थांबला. मी तिथेच उभा होतो. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "सर, वर्गात असं दिवसातून किती वेळा होतं?" मला सांगता आले नाही.

ह्या प्रकाराला इंग्रजीत 'अॅबसेन्स' म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'पेटी माल' असे फ्रेंच नाव आहे. अॅबसेन्स म्हणजे गैरहजेरी. मास्तरला ह्याहून नेमका शब्द कोण देणार? हजेरीपटावर मुलगा रोज हजर होता. झटका पाच-दहा सेकंदांचा, फार तर पंधरा-वीस सेकंदांचा. मूल पडत नाही, हातातली पेन्सिलही कधी कधी पडत नाही. मात्र दिवसातून तो कित्येक डझन वेळा येऊ शकतो. बहुतेक मुलांना चार ते दहा ह्या वयात सुरू होतो, म्हणजे नेमका पाढे, जोडाक्षरे आणि भागाकार शिकण्याच्या काळात. मेंदूचा आलेख काढला तर त्या क्षणी सेकंदाला तीन ह्या ठेक्यात लाटा उमटलेल्या दिसतात. दवाखान्यात मुलाच्या हाती भिरभिरे देऊन ते फुंकायला लावतात. फुंकताना श्वास जोराचा होतो आणि झटका डॉक्टरांच्या समोरच येतो. यात्रेतले भिरभिरे असे तपासणीच्या कामाला येते, हे मला पाहूनसुद्धा नवल वाटले.

औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत वहीतल्या जागा भरल्या. गोष्ट असती तर मी इथे मुलाला पहिला नंबर दिला असता. तसे झाले नाही. भागाकार त्याच्या हातून निसटला होता तो निसटलेलाच राहिला, तो पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला. सातचा पाढा म्हणताना तो ज्या जागी पूर्वी थांबे त्या जागी सवयीने अजून अडखळे. लक्षही मधून मधून जाईच. डॉक्टरांनी ह्याची कल्पना दिली होती. अशा मुलांची बुद्धी सहसा चांगली असते, पण झटके थांबल्यावरही काहींचे लक्ष एका जागी राहत नाही. शिवाय काही औषधेही लक्षावर भार टाकतात. २०१० साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत अॅबसेन्सवरच्या तीन औषधांची तुलना होती. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन औषधे झटके थांबवण्यात सारखी ठरली, पण लक्षाच्या बाबतीत पहिले मुलांना जास्त मानवले. झटके थांबले का, एवढे विचारून भागत नाही. मूल औषधानंतर वर्गात कसे आहे हेही डॉक्टरला सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम मास्तराचे आहे.

आता पुस्तकांकडे येतो.

आपला 'अपस्मार' हा शब्दच मुळी स्मृती गेल्याचा शब्द आहे. चरकाने निदानस्थानात त्याचे लक्षण सांगताना स्मृती, बुद्धी आणि सत्त्व ह्यांचा विपर्यास सांगितला आहे, आणि अंधारात शिरण्याची उपमा वापरली आहे. पण त्याच ठिकाणी त्याने 'आवस्थिक' असा एक शब्द घातला आहे. म्हणजे हे शिरणे त्या अवस्थेपुरते आहे. मनुष्य अंधारात शिरतो तसा बाहेरही येतो. पुढच्या लोकांनी चरकाचा अंधार उचलला आणि हा छोटा शब्द टाकून दिला. नटराजाच्या पायाखालचा जो ठेंगू पुरुष आहे त्याचे नाव अपस्मार, आणि तो अज्ञानाचे रूप मानला जातो. मूर्ती अप्रतिम असते ह्यात शंका नाही. पण रोगाचे नाव अज्ञानाला दिले की पुढे रोग्याला अज्ञानी म्हणायला वेळ लागत नाही. कायद्यानेही तेच केले. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार हा शब्द आला, आणि तिथून तो निघायला १९९९ साल उजाडावे लागले. मधली तेवीस वर्षे लग्नाच्या अटींत वेड आणि फेफरे एकाच पोटकलमात बसून होती. माझ्या त्या स्पर्धेतला मांडवाचा प्रसंग लिहिणाऱ्या तरुणाला हे बहुधा ठाऊक नसावे. त्याची कथा कायद्याहूनही मागे राहिली होती.

फेफऱ्यावरचा लेखक म्हटला की डोस्टोव्हस्कीचे नाव निघते. त्याला स्वतःला ते होते. त्याची 'इडियट' ही कादंबरी १८६८-६९ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तीतल्या प्रिन्स मिश्किनविषयी जो लिहितो तो झटक्याच्या आधीच्या त्या एका क्षणाविषयी लिहितो, ज्या क्षणी मिश्किनला सारे विश्व उजळून निघाल्यासारखे वाटते. तो भाग थोर आहे. पण त्यामुळे एक भलतेच झाले. फेफरे म्हणजे दैवी प्रतिभेची चाहूल, असा एक समज शिकलेल्या लोकांत पसरला. मूर्खपणाचा समज जितका खोटा तितकाच हाही. आणि मुलाच्या आईला तर त्याचा काडीइतका उपयोग नाही.

मला त्या कादंबरीतला दुसराच एक भाग मोठा वाटतो. तो पहिल्याच खंडात आहे आणि त्यावर फारसे कोणी थांबत नाही. मिश्किन घरातल्या बायकांना आपल्या आजारपणाची हकीकत सांगतो. लहानपणापासूनच्या झटक्यांनी तो जवळजवळ मतिमंद झालेला होता आणि उपचारांसाठी त्याला स्वित्झर्लंडला पाठवले होते. तो सांगतो की झटके लागोपाठ आले की आठवण जाई, मन चालू राही पण विचारांची साखळी तुटे, दोन-तीन कल्पनांपलीकडे एकीला दुसरी जोडता येत नसे. झटके थांबले की पुन्हा सारे ठीक. हे मी वाचले तेव्हा शुद्धलेखनाची वही डोळ्यांपुढे आली. कोणत्याही डॉक्टरने ह्याहून चोख लिहिलेले मी वाचलेले नाही. आणि मग तो सांगतो की बाझल गावच्या बाजारात एक गाढव ओरडले आणि त्याला एकदम जाग आली, डोक्यातले धुके निवळले, आणि तेव्हापासून गाढव हा प्राणी त्याला फार आवडू लागला. ऐकणाऱ्या मुली हसतात. मिश्किनही हसतो.

उजळलेल्या विश्वाहून हे गाढव मला मोलाचे वाटते. झटक्यांच्या मालिकेतून बाहेर आलेल्या मनाला पहिली कोणती वस्तू धड दिसली, हे त्यात आहे. आपल्या चार कथांत कोणालाही गाढव ऐकू आलेले नाही. हे ज्याने भोगले आहे त्यालाच लिहिता येते असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. विचारले तर कळते. मी विचारले नव्हते.

ह्याच लेखकाच्या शेवटच्या कादंबरीत, 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये, स्मेर्द्याकोव्ह नावाचा एक स्वयंपाकी आहे. त्याला पुढे खलनायक केले आहे, तो फेफऱ्याचे सोंगही आणतो, आणि त्याबद्दल लेखकावर माझा थोडा राग आहे. पण त्याच्या बालपणाचे दीड पान मास्तरलोकांनी जरूर वाचावे. ग्रिगोरी हा म्हातारा नोकर बारा वर्षांच्या ह्या मुलाला धर्मग्रंथ शिकवीत असतो. देवाने पहिल्या दिवशी प्रकाश केला आणि सूर्यचंद्र चौथ्या दिवशी, तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला, असे मुलगा विचारतो. म्हातारा त्याला एक सणसणीत थोबाडीत देतो. आठवड्याने मुलाला आयुष्यातला पहिला झटका येतो. थोबाडीत मारल्याने फेफरे लागत नाही, हे डॉक्टरांना विचारून मी खात्री करून घेतली, आणि विचारताना माझा आवाज नीट निघत नव्हता. पण खरी मेख पुढे आहे. रोग कळल्यावर मालक मुलाला मारणे बंद करायला सांगतो, आणि त्याचबरोबर शिकवणेही बंद करायला सांगतो. मुलाचे पुढे जे झाले त्यात रोगाचा वाटा किती आणि त्या बंद झालेल्या शिकवणीचा किती, हे लेखकाने सांगितलेले नाही. आपल्याकडे रोज हेच घडते. फिट येते म्हणून सहलीला नको, पोहायला नको, शाळेत पडेल म्हणून घरीच राहू दे. चार वर्षांनी मूल मागे पडले की फेफऱ्याने बुद्धी गेली म्हणतात.

ही कादंबरी लिहिण्याआधी, १८७८ च्या मे महिन्यात, डोस्टोव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा झटक्यातच गेला. त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. बापाचाच रोग मुलाकडे आला, ही टोचणी बापाला लागून राहिली. कादंबरीत त्याने अल्योशा हे नाव सर्वांत गुणी भावाला दिले आणि रोग स्मेर्द्याकोव्हला. एका मुलाचे असे दोन भाग करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले पाहिले की माझा राग उतरतो.

बापाने लिहिलेला आणखी एक मजकूर सांगतो. हा कादंबरीत नाही, 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात १८४१ च्या फेब्रुवारीत पत्र म्हणून छापलेला आहे. विल्यम वेस्ट हे इंग्लंडमधले एक डॉक्टर. त्यांचा स्वतःचा मुलगा चार महिन्यांचा असताना त्याचे डोके अधूनमधून पुढे झुकू लागले. मग सबंध अंग झुकू लागले, एकामागून एक, मालिकेने. जळवा लावून झाल्या, हिरड्यांना चिरा देऊन झाल्या, ऊन पाण्याची स्नाने झाली, अफू झाली. गुण नाही. मूल हसेना, कशाकडे पाहिना, मान धरीना. एका मोठ्या डॉक्टरने ह्या झुकण्याला नाव दिले होते ते 'सलाम' असे, आपल्याकडून नेलेला शब्द! वेस्टने पत्र लिहिले ते आपल्या व्यवसायबंधूंना हे कोठे पाहिले असल्यास कळवा, एवढ्यासाठी. मुलाची बुद्धी सुधारली नाही. पुढे ह्या आजाराला वेस्टचेच नाव पडले. ह्या पत्रात एकही अलंकार नाही. आपण केलेले आणि फसलेले उपाय बाप क्रमाने सांगत जातो. करुणरसाची उदाहरणे शोधणाऱ्या आपल्या प्राध्यापकमंडळींनी हे पत्र एकदा डोळ्यांखालून घालावे असे मला वाटते.

आजही आपल्याकडे तान्हे मूल असे मालिकेने दचकू लागले, झुकू लागले, की पोटात मुरडा आहे म्हणतात, दृष्ट काढतात, आणि आठवडे जातात. १९५८ पासून ह्यावर उपाय निघत आले आहेत आणि ते जितके लवकर होतील तितके बरे. इथे थांबणे परवडत नाही. कारण हा प्रकार खरोखरच बुद्धीची वाढ अडवतो. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो. फेफऱ्याने बुद्धीला काही होत नाही, असे सरसकट सांगणारे जे भले लोक आहेत त्यांचेही पुरते खरे नाही. झटके कोणत्या जातीचे, कोणत्या वयात सुरू झाले, मेंदूला मूळ इजा काय, औषध वेळेवर मिळाले का, ह्यावर सारे अवलंबून आहे. १९५७ साली लँडाउ आणि क्लेफनर ह्या दोघा अमेरिकनांनी अशी मुले दाखवून दिली की चांगले बोलणारे मूल हळूहळू बोललेले समजेनासे होते, आईबाप कान तपासायला नेतात, आणि कान शाबूत असतात. मेंदूतली वादळे भाषेच्या जागी, विशेषतः झोपेत, चाललेली असतात. आमच्या तीन-चार भाषांच्या गावात असे मूल निघाले तर मास्तर काय म्हणेल ते मी वर सांगितलेच आहे.

ह्या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या गावातच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले त्यात ते होते. बेथ्यून ह्यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले, तिथेच लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, उत्तर चीनमध्ये वारले. कशाने वारले? भैय्या चौकात त्यांच्या जन्मघराचे महानगरपालिकेने स्मारक केले आहे. तिथे मुलांना घेऊन गेलो की मी बरोबरच्या मोठ्या माणसांना हा प्रश्न विचारतो. कोणी म्हणते प्लेगने, कोणी म्हणते जपान्यांच्या गोळीने, कोणी म्हणते अतिश्रमाने. ते अपस्माराच्या झटक्यांनी वारले. त्याआधीही त्यांना झटके येत होते, आणि त्याच काळात त्यांच्या शस्त्रक्रिया चालू होत्या, विद्यार्थ्यांना शिकवणे चालू होते, शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिणेही चालू होते. शांतारामबापूंनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढली, स्वतः कोटणीस झाले. मोठा चित्रपट आहे, पण पाहून घरी आलेल्या माणसाच्या मनात राहतो तो प्लेग. साथ, प्रयोग, स्वतःच्या अंगात टोचून घेतलेला रोग. वीराला शोभणारा रोग कोणता हे जणू आपण ठरवूनच टाकले आहे. पूर्वभागातल्या त्या मुलाला मी कोटणीसांचे हे सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "ते ऑपरेशन करताना मध्ये थांबले तर?" मी म्हटले, त्यांची जात वेगळी होती आणि त्यांना ती मोठेपणी लागली. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. त्याला खोटे चालले नसते.

'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ साली आला आणि त्यानंतर वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलाकडे आमच्या शिक्षकांच्या खोलीत निराळ्या नजरेने पाहू लागले, हे मी पाहिले आहे. एखादी कथा असे करू शकते, म्हणूनच ही कुरकुर. अवचटांच्या घरातल्या यशोदा वाकणकर ह्यांना लहानपणापासून झटके येत. शस्त्रक्रियेने ते थांबले, आणि त्यांनी पुण्यात 'संवेदना' हा आधारगट चालवला. तिथे माणसे एकमेकांना आपले दिवस सांगतात. जगात ह्या रोगाची सुमारे ५ कोटी माणसे आहेत, औषध नियमित मिळाले तर दहांतल्या सातांचे झटके थांबू शकतात. म्हणजे सांगण्यासारखे दिवस पुष्कळ आहेत. जागरण आणि चुकलेली गोळी ही झटक्याची दोन नेहमीची निमित्ते. तेव्हा नरकचतुर्दशीला पहाटे उठवायचे तर आदल्या रात्री किती वाजता निजवायचे, हा अशा घरातला दरवर्षीचा वाद. ह्या वादावर एक अख्खी विनोदी कथा होईल.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. ते प्रकरण मी तीनदा लिहून पाहिले. मुलगा विहिरीत पडत नाही, हे ठरले. पण मग तो घरी येतो, आणि घरी आल्यावर काय करतो हे मला लिहिता येईना. शेवटी मी मोहोळकडच्या बाईंना, इतक्या उशिरा, पत्र लिहिले. उत्तर लिहिले नाही म्हणून क्षमा मागितली आणि विचारले, झटका येऊन गेल्यावर दुपारभर मुलगा काय करतो? पंधरा दिवसांनी कार्ड आले. मुलगा आता सातवीत आहे. बाईंनी लिहिले आहे : "झोपतो. उठला की भूक लागली म्हणतो. आज वार कोणता ते विचारतो. गुरुवार असला तर चिडतो, कारण गुरुवारी त्यांचा खेळाचा तास असतो आणि तो बुडालेला असतो."